आईशी बोलू नकोस रे!

१२ सप्टेंबर

उद्या क्लेटनबरोबर होडीतून पक्षी बघायला! आईही येतेय. मग कड्यावर हेक्टरआजोबांकडे — म्हणजे आईच्या काकांकडे. झोप? नाव नको!

१३ सप्टेंबर

क्लेटन नवा वनरक्षक, लांब पश्चिमेकडचा. आम्हा आदिवासींत परक्या माणसालाही कुठल्या तरी नात्यात बसवावंच लागतं; तो आमचा कोण लागतो, हे अजून कुणी ठरवलेलं नाही. भाऊ निघाला तर संपलंच — मग बोलायचीसुद्धा चोरी. जुळणाऱ्या नात्यातला निघाला तर लग्न! आणि त्याची खूण एकच: जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे बघतही नाही. जन्मभर.

म्हणजे माझं सुख कशात, तर त्यानं आईशी बोलणं टाकण्यात. आणि हा गडी दिवसभर तिच्याशीच बोलत होता! मगर दिसली — सांगितली आईला. कमळाच्या पानांवरून तुरुतुरु पळणारा पक्षी — दाखवला आईला. रानबदकांचा थवा उठला, आभाळ नुसतं कलकललं, मी वेड्यासारखी हसत सुटले — आणि हे दोघं? कासव निखाऱ्यात किती वेळ ठेवायचं यावर भांडत होते! बाबा गेल्यापासून आई इतकी हसलेली मी पाहिली नाही. कमळाचे देठ सोलून सोलून त्यालाच देत होती. मी बसले वल्हं धरून.

दुपारी कडा. आजोबांनी आधी पूर्वजांना हाक मारून कोण आलंय ते सांगितलं. मग स्वतःच्या काखेतला घाम क्लेटनच्या कपाळाला चोळला, पूर्वजांना त्याचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. पठ्ठ्यानं नाकसुद्धा मुरडलं नाही!

मग नात्याचा शोध. गेलेल्या माणसांची नावं घ्यायची नाहीत, म्हणून आजोबा कड्याच्या भिंतीवर जुन्या लोकांनी काढलेल्या चित्रांवरून विचारत होते. तो कांगारू काढणारा तुझा कोण? कुणी नाही. ती मगर? कुणी नाही. शेवटी क्लेटननं ओठ पुढे काढून वरचा लाल मासा दाखवला.

"तो काढणारा माझ्या आजीचा भाऊ."

आजोबांनी बोटांवर काहीतरी जुळवलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा मागितला! काय ते आधी क्लेटनला एकट्याला सांगेन, म्हणे. म्हातारा आहे की वैरी! परतताना क्लेटन आजोबांपाशीच राहिला. आई वाटभर त्याच्या नकला करत होती.

१४ सप्टेंबर

क्लेटन रानबदक घेऊन आला. आई दारातच बसली होती. त्यानं मान फिरवली, बदक माझ्या हातात दिलं, आणि तिच्यावरून जायला नको म्हणून गाडीला वळसा घालून गेला. एक शब्द नाही! मी बदकासकट नाचले. आईनंही त्याच्याकडे पाठ केली होती. गाडीचा आवाज विरेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग बदक मांडीवर घेऊन पिसं काढायला लागली.

"चांगला बोलायचा गं पोरगा," म्हणाली.