दादाने न नेलेले सामान

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा मोटर व पंप दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि मागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. गुडघे संपावर गेले आहेत, पण डोके आणि कान शाबूत आहेत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास तो थापा मारतो असे समजावे.

लग्न मी केले नाही. दोन ठिकाणी विचारायला गेलो होतो. दोन्ही ठिकाणी मुलीच्या वडिलांनी पंप दुरुस्त करून घेतला आणि ‘कळवतो’ म्हणाले. तेव्हा माझी माणसे इतकीच : थोरला भाऊ, म्हणजे दादा; त्याची बायको, म्हणजे माझ्या वहिनी; आणि धाकटी बहीण, जिला साठी उलटली तरी सगळे बेबीच म्हणतात.

कलम १. हे दुकान दादाने आणि मी एका उसन्या पान्ह्यावर उभे केले. दादा गिऱ्हाइकाशी बोलायचा, मी मोटरीशी. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावली की बेअरिंग गेले आहे की आत खडा अडकला आहे, हे मला उघडण्याआधी कळते. दादा नाहीसा झाल्यावर त्याच्या स्टुलावर वहिनी बसल्या आणि तारा गुंडाळायला शिकल्या. आज त्यांच्या हातची कॉइल माझ्यापेक्षा सुबक असते. सबब दुकान, यंत्रे, हत्यारे आणि वरच्या दोन्ही खोल्या वहिनींना मिळाव्यात. ‘पुरुषमाणसाच्या नावावर असलेलं बरं’ असे बेबीच्या यजमानांनी सुचवले होते. सूचनेबद्दल आभारी आहे.

कलम २. यात काही द्यायचे नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. बावीस वर्षांपूर्वी, भर उन्हाळ्यात, नदीकाठच्या बर्फाच्या कारखान्याचा पंप पाणी ओढेना. “घरी दोन घास खातो, पंप बघतो नि येतो,” असे म्हणून दादा दुपारी दुकानातून उठला. पायांत चपला, हातात पान्हा. घरी खरकटे ताट सापडले, म्हणजे जेवला होता. कारखान्यात मात्र तो पोचलाच नाही. नदी शोधली, दवाखाने शोधले. काही हाती लागले नाही.

वहिनी तेव्हा आजारी आईकडे गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत दोन दिवस घरात शोधायला आलेल्यांची जत्रा भरली होती. घरातून काय काय गेले आहे, असे पोलिसांनी विचारले तेव्हा चार वस्तू सापडेनात : बॅग, नवे बूट, हातात मावणारा रेडिओ आणि लोकरी कोट.

मग काय, ज्याला त्याला कंठ फुटला. बेबीचे यजमान म्हणाले, “नुसता कामाला जाणारा माणूस चपला बदलून नवे बूट कशाला घालेल? ठरवून गेला. दुसरीकडे संसार असणार, मी सांगतो!” शेजारचे कंपाउंडर म्हणाले, “रेडिओ नेला ना? म्हणजे वीज नाही अशा जागी गेला. विरक्ती आली असेल.” बाकीच्यांचे मत, बायकोच्या जिभेला कंटाळला. पोलिसांनी ‘स्वखुशीने घर सोडले’ असा शेरा मारून प्रकरण मिटवले. वहिनींचे मात्र मिटले नाही. मोटर घेऊन येणारे परके गिऱ्हाईकसुद्धा कोपऱ्यावर विचारायचे, “ते नवऱ्यानं टाकलेल्या बाईंचं दुकान कुठलं हो?”

कलम ३. शेजारच्या कंपाउंडरांना माझा मोठा रेडिओ द्यावा. कारण असे. तिसऱ्या वर्षी भिंतीपलीकडून बातम्या ऐकू आल्या. दादाच्या रेडिओला मी भलत्याच मापाचा स्पीकर बसवला होता. त्यावर कोणीही बोलले तरी सर्दी झाल्यासारखे वाटायचे. बातम्या वाचणाऱ्या बाईंचे नाक चोंदले होते. मी पोलिसांत गेलो. साहेब म्हणाले, “काका, कानाचा पुरावा चालत नसतो.” कंपाउंडर म्हणाले, “आमच्या रेडिओला सर्दी होऊ नये का?” औषधे देणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? अट एकच : जुना रेडिओ त्यांनी स्वतः वहिनींच्या हातात द्यावा आणि म्हणावे, ‘हा तुमच्या ह्यांनी नेला नव्हता, मी नेला होता.’ चिठ्ठी चालणार नाही.

कलम ४. बेबीच्या यजमानांना अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप द्यावा. तो तसाही त्यांच्याच बागेत आहे. ‘चार दिवसांकरता’ नेला होता. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात ते हार घ्यायला व्यासपीठावर चढले तेव्हा डावा बूट कुरकुरला. दादाच्या नव्या जोडातला डावा बूट असाच, टाच टेकताना नाही, उचलताना कुरकुरायचा. मी म्हटले, “बूट छान आहेत.” ते म्हणाले, “जुनेच आहेत हो.” ते खरेच होते. दुसऱ्याच्या संसाराची गोष्ट त्याचेच बूट घालून सांगायची, याला जिगर लागते. अट वरीलप्रमाणेच. येताना बूट हातात असावेत, पायांत नव्हे.

रेडिओचे आणि बुटांचे मी वहिनींना त्या त्या वेळी सांगितले होते. त्या म्हणाल्या, “असेल. पण बॅग तर गेलीच ना, भावजी? बॅग उगाच कोणी नेत नाही.” 

कलम ५. माझी बचत आणि आईचे लाकडी कपाट बेबीला मिळावे, कोणत्याही अटीशिवाय. अट तिने आधीच पुरी केली आहे. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे जेवायला गेलो होतो. आतल्या खोलीत ती पांघरुणे काढत होती. एक खटका ‘टक्’ वाजला. मग जरा थांबून ‘धप्, टक्’. मी ताटावरून उठलो.

“बेबी, ही दादाची बॅग.”

“अशा बॅगा काय कमी आहेत का बाजारात?”

“दुसऱ्या खटक्याला बुक्की मारावी लागते अशी एकच आहे.”

“तुझे कान म्हणजे ना, घराला उपद्रव आहेत!” असे म्हणाली आणि पलंगावर बसूनच राहिली. मग म्हणाली, “दादानंच दिली होती. आदल्या आठवड्यात, प्रवासाला.”

“मग पोलिसांना का नाही बोललीस?”

“सगळे म्हणत होते, बॅग घेऊन गेला. मला वाटलं, बॅग घेऊन गेलाय म्हणजे कुठंतरी जिवंत आहे. मी कोणत्या तोंडानं सांगू, की नाही नेली म्हणून?”

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन एकटी दुकानात आली. वहिनींनी बॅग पाहिली, पण हातातली कॉइल पुरी केल्याशिवाय उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बेबी, तुला भाऊ जिवंत ठेवायचा होता. माझं काय झालं ते बघितलंस?”

बेबी म्हणाली, “बघितलं, वहिनी. रोज बघितलं.”

यापुढे दोघी काय बोलल्या ते मी लिहीत नाही. त्या वेळी मी मुद्दाम ग्राइंडर चालू केला होता.

कलम ६. कोटाबद्दल मला काही सांगता येत नाही. कोट वाजत नाही. बॅग परत आल्याचे कळताच बेबीच्या यजमानांनी विचारले, “मग कोट कुठं गेला?” वहिनी म्हणाल्या, “असेल कुणाच्या तरी अंगावर. इतक्या उन्हात लोकरीचा कोट घालून पंप बघायला कोण जातं?” कोट कोणाकडे निघाल्यास त्याच्याकडेच राहू द्यावा. त्यावर आता काही अवलंबून नाही.

कलम ७. या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात असे कलम होते की दादा परत आल्यास अर्धे दुकान त्याचे. पक्के करण्याआधी मी ते वहिनींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “काढा ते.”

मी म्हटले, “नीट विचार करा, वहिनी. राहू दे म्हणालात तरी कोणाचं काही बिघडत नाही.”

“माझं बिघडतं. इतकी वर्षं मी ह्यांच्यावर रागावून काढली, भावजी. रागावलं की वाट बघणं सोपं जातं. आता कशावर रागावू? ते काही येणार नाहीत.” मग पुढची तार ओढून म्हणाल्या, “पण येणार होते. तेवढं लिहा.”

सबब ते कलम रद्द करून त्याजागी पुढील मजकूर घालत आहे. तो कोणाला काही देण्यासाठी नाही. हे मृत्युपत्र ज्यांच्याकडे ठेवले आहे त्या वकीलबाईंनी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचावे आणि हा मजकूर दोनदा वाचावा :

माझा थोरला भाऊ घरातून चपला घालून, हातात पान्हा घेऊन, कामाला गेला. त्याचे पुढे काय झाले ते कोणालाही माहीत नाही. त्याने बायकोला टाकले नाही. तो पंप बघून घरी येणार होता.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि मला मान्य आहे.

सही : (दुकानाच्या पावतीवर असते तीच)

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीही मिळणार नाही :
१. समोरचा सायकल दुरुस्तीवाला
२. बर्फाच्या कारखान्याच्या निवृत्त व्यवस्थापक बाई

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : ९ मार्च, सोमवार, दुकान बंद