कापशीचे आकडे

छत्रपती संभाजीनगर
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चारुता,

साखर मोजायला टोचलेला कापशीचा कान अजून माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांत आहे. कापूस दाबून धरला आहे. रक्त थांबेपर्यंत ती मांजर असून हलायची नाही, मीही नाही, म्हणून उजव्या हाताने लिहायला घेतलं.

तू खुशाल असशील. इथं थंडी पडायला लागली आहे. हिमांशू बरा आहे. त्याच्याबद्दल एवढंच लिहितो.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू प्रश्न विचारतेस आणि पहिल्याच प्रश्नाला मी खोटं बोलतो. मागच्या रविवारी तू विचारलंस, "कापशी कशी आहे, केशवकाका?" मी म्हणालो, आहे तशीच. ती तशी नव्हती. (केशवकाका. तुझ्या-हिमांशूच्या घटस्फोटाला दोन वर्षं झाली, 'बाबा'चं 'काका' झालं, तरी मला त्याची सवय होत नाही. तक्रार नाही.)

रक्त थांबलं. ती पलंगाखाली गेली. मी मध्ये उठून खिडकी लावून आलो, परत उघडून आलो.

आधी चांगलं सांगतो. तू पुण्याहून पाठवलेलं सगळं नियमाने देतो आहे. प्रत्येक डबी जनावरांच्या डॉक्टर विशाखांना दाखवली. मासळीच्या तेलाचे चार थेंब, पोटासाठी ती पांढरी पूड, मागच्या पायांसाठी बी-ट्वेल्व्ह. त्या म्हणाल्या, हे सगळं जोडीला. इन्सुलिनची सुई आणि खाणं यांच्यामध्ये काही येऊ देऊ नका. दूध-पोळी मार्चपासून बंद आहे. आपल्या घरात कोंबडी शिजते हे तुझी सासू, उमा, असती तर तिने कसं घेतलं असतं, कोण जाणे. कामाला येणाऱ्या सारजाबाई गॅलरीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात शिजवायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "सर, जन्मभर वास घेतला नाय तुम्ही, आता मांजरीपायी घ्या." आणि मला हसवून गेल्या.

मार्चमध्ये ती मागच्या टाचा जमिनीला टेकवून चालायची. तू व्हिडिओत बघून रडली होतीस. ऑक्टोबरमध्ये ती पंजांवर उभी राहिली. दसऱ्यानंतर एकदा ओट्यावर चढली. हे मी तुला सांगितलं नाही.

आता मंगळवारचं.

सकाळी सातला सुई दिली. अकराच्या सुमारास ती पलंगाखालून बाहेर आली ती तिरपी चालत. भिंतीला डोकं लावून उभी राहिली. मग आडवी झाली आणि पाय झाडू लागली, तोंडातून लाळ. मी ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून तिच्या हिरड्यांना चोळली. बोट चावलं तिने, बरं वाटलं. रिक्षावाला चिकलठाण्याकडे जायला तयार नव्हता, टॉवेलात गुंडाळलेलं बघून म्हणाला, "चचा, बच्चा है क्या?" मी हो म्हणालो. त्याने सिग्नल पाळले नाहीत.

दवाखान्यात साखर चौतीस निघाली. सलाईन लावलं. दुपारी दोनला तिने मान उचलली.

डॉक्टर विशाखांनी विचारलं, "काका, सुईशिवाय आणखी काय दिलंत?"

मी म्हणालो, "मेथी आणि जांभळाच्या बियांची पूड. सारजाबाईंनी देवगावहून आणलेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. अशी पूड रोज कोणीतरी कोणाला तरी देत असतं, म्हणाल्या. कारल्याचा रस पाजलेला कुत्राही त्यांनी पाहिला आहे. माझ्यावर रागावल्या नाहीत. "तुम्ही शिकलेली माणसं," एवढंच म्हणाल्या. चार दिवस सुई बंद, पूड कायमची बंद, आणि रविवारी सकाळपासून एक युनिट पुन्हा सुरू. रविवार म्हणजे उद्या.

घरी हिमांशूने सारजाबाईंना धारेवर धरलं. तू ओळखतेस त्याला. आवाज चढवत नाही, पण शब्द मोजून मारतो. गावठी औषधं घरात आणायची नाहीत, जीव गेला असता तर जबाबदार कोण, वगैरे. त्या पदराला हात पुसत उभ्या होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुडी मी तुमच्यासाठी आणली व्हती सर. तुमच्या साखरेसाठी."

मी काही बोललो नाही.

त्या बराच वेळ थांबल्या. नंतर चपला घालून गेल्या. त्या दिवसापासून आलेल्या नाहीत. कोंबडी मी शिजवतो आहे.

इथपर्यंत लिहून मी गच्चीवर जाऊन आलो. पाकीट इथंच बंद करता आलं असतं. तू वाचून म्हणाली असतीस, म्हातारा माणूस, घातली असेल पूड, चुकलं. पण पूड तिच्या पोटात कधी गेलीच नाही. ऑगस्टमध्ये एकदा चिमूटभर कोंबडीत कालवली होती. तिने वास घेतला आणि वाटीला पाठ केली. सारजाबाई तिथंच होत्या. ती वाटी त्यांनीच धुतली. म्हणून मंगळवारी त्या थांबल्या होत्या. मी बोलेन म्हणून.

खरं असं आहे. डॉक्टर विशाखांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं: काही मांजरांची साखर उतरत जाते, सुई सुटतेही. सकाळचा आकडा दीडशेच्या खाली आला तर सुई न देता मला फोन करा. २९ ऑक्टोबरला आकडा एकशे अडतीस आला. मी वहीत दोनशे अडतीस लिहिलं आणि दोन युनिट दिले. दुसऱ्या दिवशी एकशे चोवीस. दोनशे चोवीस लिहिलं. रोज पहिला आकडा बदलत गेलो. दर रविवारी तुला पानाचा फोटो पाठवला तो याच वहीचा. तू लिहायचीस, "अजून दोनशेच्या वर? बिचारी."

मंगळवारी सकाळी आकडा ब्याण्णव होता. मशीनवर दिसला, स्पष्ट दिसला. वहीत मी त्याच्यापुढे एक लावला, एकशे ब्याण्णव, आणि सुई टोचली.

तू म्हणाली होतीस, "सुई सुटली की मी तिला घेऊन जाईन. माझी ड्यूटी बारा तासांची, सकाळ-संध्याकाळ सातला मी घरी नसते, एवढीच अडचण." मी हे वाक्य विसरलो नाही. तिची सुई सुटली असती तर ती पुण्याला गेली असती. मग रविवारी तू कशासाठी फोन केला असतास? म्हणून तिला मी आजारी ठेवलं. याहून बरा शब्द शोधला, नाही मिळाला. पस्तीस वर्षं मुलांना शब्द शिकवले.

या चार दिवसांत सुई नाही. आज सकाळी एकशे सोळा, आत्ता एकशे अकरा. डॉक्टर विशाखांना फोनवर मी रोज दोनशेच्या वरचेच आकडे सांगितले, म्हणून त्यांना वाटतं उद्यापासून औषध लागणार. एक युनिटही तिला आता जड जाऊ शकतं. सिरींज फ्रिजशेजारी काढून ठेवली आहे. मघापासून तीनदा तिकडे जाऊन आलो.

हिमांशू जेवायला बसला आहे. हे त्याला आत्ता वाचून दाखवणार. तो म्हणेल, तिला कशाला कळवायचं. तरी पाठवणार.

तू ये आणि तिला घेऊन जा. सगळ्या डब्या बांधून ठेवतो, कोणती किती हे वर लिहून. तेल तिला कोमट लागतं. माफी मागत नाही. ती तुझ्याकडे सुखरूप पोचली की मग मागेन. आशीर्वाद लिहिण्याचा हक्क मला उरला आहे का, ते तू ठरव.

केशव

रविवार, सकाळी साडेनऊ. आकडा एकशे आठ. सुई दिली नाही. डॉक्टर विशाखांना फोन करून सगळे खरे आकडे सांगितले. त्या म्हणाल्या सुई बंदच ठेवा, रोज मोजा, पण मोजताना हिमांशूला शेजारी बसवा. तो बसला. नंतर आम्ही दोघं सारजाबाईंकडे गेलो. मी त्यांच्यासमोर त्याला पुन्हा सांगितलं की पूड मांजरीने खाल्ली नव्हती, हे मला माहीत होतं. त्यांनी चहा केला. कामावर येणार नाही म्हणाल्या.