उंबऱ्याचा अँगल

दादा, घरच्या मोटरसायकलींसाठी बाहेर शेड करायची शेवटी ठरली. ठरवायला मला दोन महिने लागले. गिऱ्हाईक वर्कशॉपच्या दारात उभं राहिलं की त्याच्या अंगणाचा फोटो बघून मी सांगतो, तुम्हाला जाळी पाहिजे का पत्रा, दार सरकतं का बिजागरीचं, आणि कुलूप कुठल्या अंगाला. निम्म्या नगरच्या गाड्या माझ्या दारांमागे उभ्या आहेत, असं मी चारचौघांत हसत सांगतो. पण स्वतःच्या अंगणाची वेळ आली तेव्हा माझा टेप खिशातून बाहेर निघेना. तुमची सून म्हणाली, "अहो, लोकांना तर चहा गार व्हायच्या आत सांगता. घरचं काम आलं की तोंडाला कुलूप का?" मी हसलो. ती आता तीस वर्षं माझं हसणं ओळखते.

तुमच्या नातवाने नवी गाडी घेतली आहे. एवढी जड की स्टँडवरून काढताना मला दोन्ही हात लागतात. पोर्चमध्ये मोटार उभी असते, म्हणून ती बाहेर कंपाउंडच्या कडेला प्लास्टिकच्या कव्हराखाली. दोन घरं सोडून एकाची मोटरसायकल भर दुपारी चोरीला गेली, तेव्हापासून त्याला चैन नाही. तुमची जुनी मोटरसायकल इतकी वर्षं नागापूरला माझ्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात होती. तिथे आता पत्रा वाकवायचं नवीन मशीन येणार, म्हणजे तिलाही घरी आणणं आलं. मुलगा मोबाईलवर रोज काहीतरी दाखवतो. गाडी ठेवायचे घडीचे तंबू, रेडिमेड पेट्या, कुठल्या कुठल्या देशातल्या. "पप्पा, हे बघा, नुसतं नट-बोल्टवर उभं राहतं." मी म्हणतो, "आणि नट-बोल्टवरच निघतं. पाना चोराकडेही असतो." एक पेटी दुकानात बघायलाही गेलो. बोटाने टिचकी मारली आणि आवाजावरून कळलं की पत्रा पापडासारखा आहे. माझे कान तुम्हाला माहीतच आहेत. सायलेन्सरच्या आवाजावरून गल्लीत कोण आलं ते मी आतून सांगायचो, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "ह्या गड्याला डोळं न्हाई दिलं तरी भागंल." त्याच कानांचं आज लिहायचं आहे.

तुमची गाडी आली त्याआधी तुमची सायकल होती. ती अंगणातून चोरीला गेली होती, आणि अख्खा हंगाम तुम्ही कारखान्यावर चालत गेलात. त्यामुळे मोटरसायकल आली ती थेट घरात. संध्याकाळी कारखान्यावरून आलात की आई खाट उभी करायची, पाण्याची घागर बाजूला सरकवायची, आणि तुम्ही पायऱ्यांवर फळी टाकून गाडी बैठकीत घ्यायचात. तिच्याखाली पोतं, पोत्यावर तेलाचे थेंब. आमच्या भाकरीला पेट्रोलचा वास असायचा. उन्हाळ्यात आई ओट्यावर झोपायची आणि गाडी पंख्याखाली. आई म्हणायची, "माझ्यापरीस सवतीचं लाड लई." तुम्ही म्हणायचात, "तुला कोन चोरून न्हेतंय?" आणि दोघंही हसायचात. मी तेव्हा वीसेक वर्षांचा, नागापूरला दुसऱ्याच्या वर्कशॉपात वेल्डर, रोज एसटीने ये-जा. मला मात्र हसू येत नव्हतं.

मग माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, आणि पाहुणे घर बघायला आले. सतरंजीवर बसायला जागा अपुरी, कारण मधोमध गाडी. माझे होणारे सासरे मोकळ्या स्वभावाचे. गाडीकडे बघून म्हणाले, "मुलाच्या बाजूनं ह्या पन बसल्यात व्हय बोलनीला?" सगळे हसले, सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसलात. मी मात्र कानाच्या पाळीपर्यंत तापलो. पाहुण्यांच्या धोतराला तेलाचा डाग लागला तो फक्त मी पाहिला. ते गेल्यावर मी आईच्या देखत म्हणालो, "हे घर हाय का गॅरेज? माणसं बाहेर आणि लोखंड आत. शरम वाटत न्हाई का तुम्हाला?" तुम्ही पानाला चुना लावत होतात. चुना लावून झाला, पान तोंडात गेलं, आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "मग तू कर काय करायचं त्ये." त्यानंतर गाडी पुन्हा घरात आली नाही.

दोन रविवारांत मी शेड उभी केली. माझं स्वतःचं पहिलं काम, दादा. वर्कशॉपच्या शेठकडून वेल्डिंगचं मशीन मागून आणलं. पाईप जमिनीत गाडले, बिजागरीच्या पिना वेल्ड करून टाकल्या म्हणजे कुणाला उपटता येऊ नयेत, कडीच्या बोल्टांचे नट आतून घेतले. गाडीचं मागचं चाक साखळीने बांधायला जमिनीत कडं बसवलं. वर झरोका ठेवला, कारण बंद पत्र्याखाली घाम धरतो आणि गाडी गंजते. आणि पाणी आत येऊ नये, दाराखालून कुणी पहार घालू नये म्हणून चौकटीच्या खालच्या बाजूला, उंबऱ्याच्या जागी, चार बोटं उंच असा लोखंडी अँगल आडवा मारला. पायऱ्यांवरची तुमची फळी आता कशाला लागते, म्हणून ती कापून आत तेलाचे डबे ठेवायला मांडणी केली. गावातली माणसं बघून गेली. तुम्ही दार दोनदा उघडलंत, लावलंत, म्हणालात, "मजबूत हाय." त्या एका शब्दावर मी धंदा उभा केला, हेही खरं आहे.

संध्याकाळी तुम्ही गाडी चालू ठेवून आत न्यायचात. इंजिनाच्या जोरावर ती अँगल ओलांडून जायची, कुणाला काही दिसायचं नाही. सकाळी मात्र ती मागे ओढून काढावी लागे. शेड अरुंद, आत वळायला जागा नाही, आणि गाडीला मागे जायचा गिअर नसतो हे मला वेल्डिंग करताना सुचलंच नाही. पहिल्या पाळीला तुम्ही उजाडताना निघायचात. मी आत अंथरुणात असतो. कडी निघते, साखळी निघते, मग मागचं चाक अँगलला धडकतं. थांबतं. पुन्हा धडकतं, आणि तुमच्या छातीतून "हं" असा आवाज येतो. मग ते चाक बाहेर पडतं आणि पुढच्या चाकासाठी तेच सगळं पुन्हा. पहिल्या वर्षी एका ओढीत. मग दोन ओढी. मग मधलं थांबणं लांबत गेलं. गावातल्या कुठल्याही गाडीचं बेअरिंग खराब झालं की मी रस्त्यावरून ओळखायचो. तुमच्या श्वासात आलेला फरक मी रोज ऐकत होतो आणि त्याला राग समजत होतो. मला वाटायचं, म्हातारा मला ऐकवायला कण्हतोय. म्हणू दे एकदा, "पोरा, ह्यो अँगल काढ." दहा मिनिटांचं काम. लोखंड कापायचा ग्राइंडर ओट्यावरच पडलेला असायचा.

त्या सकाळी आई चहा घेऊन शेडकडे गेली तेव्हा गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर होती, आणि तुम्ही त्या अँगलवर बसून तिला टेकला होतात. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं एका दिवसाचं नाही. दहावं झाल्यावर आईने मला सांगितलं, "रोज घाम पुसत परत यायचं, पानी प्यायचं. म्या म्हनलं, पोराला उठवा. तर म्हनायचं, गाडी म्हातारी झाली, जड झाली." ती माझ्याकडे बघून बोलत नव्हती, तांदूळ निवडत होती.

मागच्या रविवारी माझी माणसं घरी सामान घेऊन आली. चौकट उभी केली आणि फोरमन म्हणाला, "शेठ, खाली अँगल मारतो. पावसाचं पाणी आत नको." मी एवढ्या मोठ्याने "नाही" म्हणालो की शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून बघायला लागली. मुलगा धावत आला. "पप्पा, खालून फट राहिली तर पहार जाईल. तुम्हीच लोकांना सांगता!" पोराचं बरोबर होतं. मग मी खडू घेतला आणि जमिनीवर आखून दिलं. दार सरकेल तेवढ्या लांबीची चरी खणायची, तिच्यावर जाळी टाकायची, पाणी तिच्यात जाईल. सरकत्या दाराचा खालचा काठ जाळीच्या कडेने त्या चरीत उतरेल, जमिनीच्या चार बोटं खाली, म्हणजे पहार घालायला फट नाही. आणि आतली फरशी बाहेरच्या फरशीच्या पातळीला, दाराकडे अगदी थोडा उतार. चाकाला मध्ये काही लागायचं नाही. फोरमन डोकं खाजवून म्हणाला, "आयला शेठ, हे आधी कधी केलं न्हाई आपण." आखायला मला पाच मिनिटं लागली. तेव्हाही पाचच लागली असती.

काम पुरं झालं आणि आज दुपारी आम्ही दोन्ही गाड्या आत घेतल्या. तुमची मी स्वतः नेली आणि लगेच मागे ओढून बघितली. एका हाताने आली. मुलगा म्हणाला, "मग रविवारी एवढं चिडायचं काय कारण होतं?" मी म्हणालो, "टायर फाटतात अँगलने." "एवढंच?" "एवढंच."

तुम्ही असता तर हे लिहिलंच नसतं. समोर उभं राहून बोलायची आपल्या दोघांना सवय नव्हती, आणि हा कागद मी मुलालाही दाखवणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या सकाळी मी झोपलो होतो, असं मी आईला सांगितलं. ती जाईपर्यंत तिने तेच खरं मानलं. मी जागा होतो, दादा. चाक पहिल्यांदा अडलेलं ऐकलं, दुसऱ्यांदा अडलेलं ऐकलं, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आज तरी हाक मारतील, म्हणून मी तसाच पडून राहिलो.