कुठं अडलं, हे मला विचारलं नाहीत

अप्पा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग नवा आहे, गेल्या आठवड्यात आपल्याच कुंभकोणमच्या स्वयंपाकघरात आलेला. संख्याशास्त्रात मी नापास झाले तेव्हा "पुरे झालं शिक्षण" म्हणून तुम्ही माझं लग्न लावून दिलंत. आता दूरशिक्षणाने पदवी करते आहे. बाकीचे विषय सुटले, तोच एक उरला आहे.

शिकवायला कोणी नाही, म्हणून लेकीने फोनमध्ये एआय घालून दिला. काहीही विचार, म्हणाली. पण आपल्या घरात तुम्हाला विचारायची रीत कशी होती? आधी फिल्टर कापीचा टंबलर पुढे ठेवायचा, तो रिकामा होईपर्यंत खांबाशी उभं राहायचं, मग इकडचं तिकडचं बोलून मूळ गोष्ट अर्धीच सोडायची. मी तसंच लिहिलं, या तमिळ मुलखातही आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मराठीत: आपणांस सवड असल्यास, तो विचलनाचा धडा जरा कठीणच वाटतो. त्यानेही अदबीने कळवलं की धडा कठीण आहे खरा, धीर सोडू नका. लेक पोट धरून हसली. "अम्मा, कोणता धडा, केवढें कळलें, कोठें अडलें, तें लिही. आणिक आधीं मलाच प्रश्न विचार म्हणून सांग त्याला."

कोठें अडलें. हे शब्द मी तुमच्या तोंडून किती ऐकलेत, पण दाराआडून. संध्याकाळ झाली आहे, तुम्ही दाराबाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसला आहात, इन्नंबूर आणि तिरुनीलक्कुडीहून शिकायला आलेली पोरं भोवती आहेत. एकाला गणित कळत नाही. तुम्ही तमिळमध्ये, हळू आवाजात त्याला विचारता, कुठं अडलं रे? मग चिंचोके मांडून तेच गणित पुन्हा, आणि पुन्हा. मी आत तांदूळ निवडते आहे. पोरं गेल्यावर माझी वही घेऊन येते, आणि तुम्ही मराठीत म्हणता, "माझी लेक होऊन हें कळना?" मी वही मिटते. पुढे मी विचारणंच सोडलं.

लेकीने सांगितलं तसं लिहिल्यावर त्या यंत्राने विचारलं, नेमकं कुठं अडतंय? मी लिहिलं, सरासरी येते, पण फरकांचा वर्ग कशाला करायचा? त्याचं पहिलं उत्तर डोक्यावरून गेलं. मग इडल्यांच्या वजनांवरून समजाव म्हणून सांगितलं. काही जड, काही हलक्या. नुसते फरक मिळवले तर अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन शून्य उरतं, म्हणून वर्ग. एवढंच होतं, अप्पा! एवढ्यासाठी माझं कॉलेज गेलं! त्याला मी विचारायला सांगितलं म्हणून त्याने विचारलं, ते मला कळतं. मग तुम्हालाही सांगायला हवं होतं का, की रागावण्याआधी कुठं अडलं ते विचारा? बापाला हे लेकीने शिकवायचं?

उद्या पेपर आहे. हे पत्र कुठं पाठवणार, पुस्तकातच राहील. एक गोष्ट मात्र लेकीलाही सांगितलेली नाही. कुठं अडलं ते सांगणारा तो दुसऱ्या वेळचा प्रश्न मराठीत लिहायला बसले, तर हात चालेना. शेवटी मी तो तमिळमध्ये विचारला, तिण्णैवरच्या पोरांसारखा.