जर्मनीला माझं मार्गदर्शन

२ सप्टेंबर, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्षं शिफ्टचं लॉगबुक लिहिलं, मग रिटायर माणसानं स्वतःचं का लिहू नये? कुणाला दाखवायचं नाही. पुढेमागे पुस्तक निघालं तर गोष्ट वेगळी.

विषय: निर्वासित. आमची मुलगी संघमित्रा जर्मनीत असते. तिथं एका बंद शाळेत दोनशे निर्वासित राहतात. सुदानी, अफगाणी, सगळे. सरकार त्यांना तिथून हलवणार, म्हणून ते स्वतःच संघटना करून लढताहेत. नागपूर-भिलाईकडची आपली पोरं त्यांच्या सोबतीला आहेत. सगळं आहे, फक्त मार्गदर्शन नाही. ते मी करणार.

३ सप्टेंबर
'आंतरराष्ट्रीय निर्वासित पाठिंबा समिती, भिलाई शाखा' स्थापन. मुख्य शाखा अजून नाही. अध्यक्ष मी. उपाध्यक्ष टिकाराम, प्लांटमधला दोस्त. त्यानं विचारलं, जर्मनीले जायाचा खर्च कोन देऊन राह्यलं? म्हटलं, जायचं नाही, इथूनच पाठिंबा द्यायचा. तो म्हणाला, मंग मले सहसचिवच ठेव.

५ सप्टेंबर
नोटीस आली. हायवे रुंद होणार, आमच्या गल्लीतली चौदा घरं जाणार. आमचं नऊ नंबर. सेक्टर २ मधलं प्लांटचं क्वार्टर सोडल्यावर फंडाच्या पैशात बांधलेलं. सुनावणी १९ ला दुपारी तीन वाजता, तहसीलीत. जो मालक स्वतः हजर राहील त्यालाच बदली प्लॉट. घर माझ्या नावावर आहे.

बायकोनं, गिरजानं, संध्याकाळी चौदाही घरच्या लोकांना अंगणात बोलावलं. मला म्हणाली, तुमीबी बसा. मी सांगितलं, हे लोकल मॅटर आहे, तू बघ. संघमित्राला कळवायचं नाही असं दोघांनी ठरवलं. पोरगी उगाच काळजी करेल.

८ सप्टेंबर
निर्वासितांच्या ऑनलाइन मीटिंगला बसलो. धक्कादायक. अध्यक्ष नाही, स्टेज नाही, हारतुरे नाहीत. एक सुदानी बाई यादीतून नावं घेते आणि ज्याचं नाव येईल तो दोन मिनिटं बोलतो. पाठिंबावाल्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शिवाय संघमित्रा दर गुरुवारी त्यांच्या किचनमध्ये भांडी घासते. एम.एससी. झालेली मुलगी! भिलाई शाखेतर्फे तीव्र नापसंती नोंदवली. संघमित्रा म्हणाली, बाबा, तुमचा माइक बंद आहे.

११ सप्टेंबर
त्यांच्यासाठी नियमावली लिहून पाठवली. एकूण एकोणीस पदं. उत्तर आलं, धन्यवाद, वाचू. म्हणजे स्वीकारली.

संध्याकाळी अंगणात गल्लीची मीटिंग. बघतो तर इथंही अध्यक्ष नाही! गिरजाला निदान तीन पदं तरी काढ म्हणून सुचवलं. ती म्हणाली, आधी पाय उचला, सतरंजी टाकाची हाये.

१४ सप्टेंबर
भाषण तयार. सात पानं. सुरुवात प्राचीन काळापासून. चार वेळा विनंती केल्यावर वेळ मिळाली: १९ तारीख, तिथले साडेअकरा, म्हणजे इथले तीन. फक्त दोन मिनिटं म्हणतात. पण माणूस एकदा बोलायला लागला की कोण थांबवतं?

तीनला सुनावणीही आहे. निर्णय: तिकडे गिरजा जाईल. ती म्हणाली, कागदावर तुमचं नाव हाये, मले कोन विचारन? म्हटलं, आत्मविश्वास ठेव.

१८ सप्टेंबर
गिरजानं तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा जागतिक परिस्थिती समजावली. तिनं माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला. तहसीलीसाठी हाये म्हणाली. व्हिडिओतही पांढरा चांगला दिसतो.

१९ सप्टेंबर, दुपारी २.१०
शर्ट घातला. गल्लीतले सगळे तीन ऑटोत बसून गेले. गिरजानं ऑटोतून एकदा दाराकडे पाहिलं.

संध्याकाळी ७
लिहावंसं वाटत नाही, पण लॉगबुक म्हणजे लॉगबुक.

तीन वाजून वीस मिनिटांनी माझं नाव आलं. मी घसा साफ केला. सुदानी बाई म्हणाली, पाठिंबावाल्यानं बोलायच्या आधी एक सांगायचं असतं, तुझ्या गल्लीत काय चाललंय? त्यांचा नियमच आहे म्हणे. मी उत्साहानं सांगितलं, चौदा घरं पाडणार आहेत, त्यात माझंही आहे, आज तीन वाजता सुनावणी. भाषांतर करता करता संघमित्रा मध्येच थांबली. मग कसंबसं पुरं केलं.

बाईनं विचारलं, मग तू इथं काय करतोस?

सगळे बघत होते. मी सातही पानं उलटून पाहिली. बाई काहीतरी एकच शब्द बोलली. संघमित्रा म्हणाली, बाबा, जा.

टिकारामच्या स्कूटरवर तहसील गाठली तेव्हा चार वाजून गेले होते. तेरा नावांपुढे बरोबरची खूण. नऊ नंबरपुढे लिहिलं होतं, मालक गैरहजर. गिरजा फाइल छातीशी धरून व्हरांड्यात उभी होती. बाबूनं तिला विचारलं म्हणे, पतिदेव कहाँ हैं? ती म्हणाली, जर्मनी में. खोटं बोलली नाही.

येताना स्कूटरवर तिघं बसलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२० सप्टेंबर
जर्मनीहून संघमित्राचा फोन. माझ्यासाठी नाही, गिरजासाठी. नऊ नंबरला न्याय मिळावा म्हणून तिथल्या दोनशे जणांनी तहसीलीला सह्यांचं पत्र पाठवलंय. त्यांची स्वतःची शाळा महिनाभरात जाणार आहे. गिरजा फोन ठेवून बराच वेळ डोळे पुसत होती.

संध्याकाळी अंगणात बसलो, मागच्या रांगेत. बाबूनं सांगितलंय, अर्ज दिला तर ३० ला पुन्हा ऐकून घेतील. ज्यांचं काम झालं ती तेराही घरं माझ्यासाठी सोबत येणार. बोलणार गिरजा. मी हात वर करून म्हटलं, तिथं दोन शब्द मांडतो. एकमतानं नामंजूर.

माझं काम ठरलं: बाबूनं नाव पुकारलं की उभं राहून 'हजर' म्हणायचं. गिरजा म्हणाली, एवढंच म्हणजा. पुढे काई जोडू नोका.