शेपटीचे प्रश्न

सोमवार, ३ नोव्हेंबर

"संशोधक मित्रांनो, आपण सगळे मुलांची मनं समजून घ्यायला या धंद्यात आलो आणि आलेख रंगवत बसलो!"

भाषणाची सुरुवात अशी करावी म्हणते. विभागप्रमुख ऐकतील तेव्हा चष्मा काढून पुसतील. विद्यार्थी त्यांना 'साजूक' म्हणतात, बोलणं इतकं तुपकट. आज विभागात केक कापला त्यांनी. का? तर मुलांचं नैराश्य कमी झालं म्हणून! आमच्या अभ्यासात शाळेतल्या त्याच त्या मुलांना दरवर्षी गाठून त्यांच्या मनाचे हालहवाल विचारतात, आणि उदासी, भीती, झोप उडणं, सगळ्याचे आकडे दरवर्षी खाली आलेत. घसरगुंडीसारखी रेघ. त्या रेघेवर गुलाबी मलई लावून खाल्ली आम्ही.

शिक्षण खात्याचे सचिव पुढच्या शुक्रवारी येणार. मुलं सुखी आहेत, मग शाळांतल्या समुपदेशकांची पदं कशाला ठेवायची? ती पदं रद्द करायच्या कागदावर सही व्हायची आहे. आणि निष्कर्ष मांडायचे मी. "तुम्ही बोललात की भिंतीसुद्धा माना डोलावतात हो," साजूक म्हणाले.

भिंतींचं ठीक आहे. मलाच ती रेघ पटत नाही. शाळेत जाते तेव्हा मला इतकी सुखी पोरं दिसत नाहीत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

जेवताना उलगडलं. तेही भाचीकडून!

तिची शाळा आमच्या अभ्यासात आहे. तिच्या उत्तरांना मी हात लावत नाही, तो नियमच आहे. यंदाची फेरी कशी झाली, एवढंच विचारलं.

"मस्त. दहा मिनिटांत बाहेर."

"इतक्यात? अगं, तासभर लागतो."

"नवख्यांना लागतो." भातात बोट फिरवत म्हणाली. "मावशी, 'गेल्या महिन्यात कशातच जीव लागत नव्हता असं झालं का?' याला हो म्हटलं की मागून शेपटी येते. किती दिवस? झोप लागली? भूक लागली? कुणाला सांगितलंस? नाही म्हटलं की शेपटी कट! पुढचा विषय. पहिल्या वर्षी मी येड्यासारखं हो म्हटलं होतं. सगळे मैदानावर, मी एकटी वर्गात खुणा करत बसलेली. आता सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या पोरांना पहिली फेरी झाली की आम्हीच सांगतो. आवडती असली तर."

"आणि नावडती?"

"त्यांना भरू दे!"

मला हसू फुटलं. ताई तर हसता हसता खोकायला लागली. मग मला म्हणाली, "तिला जेवू दे गं. घरात तरी मुलाखती घेऊ नकोस."

ताट घासताना हसू गेलं. आम्ही इतकी पुस्तकं वाचलेली माणसं! खरं बोलणाऱ्या मुलाला आम्ही दरवर्षी शिक्षा करतो, आणि खोटं बोलणाऱ्याला खेळायला सोडतो. मग त्या खोट्याला सुधारणा म्हणून केक कापतो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

भाचीच्या एका वाक्यावर उभं राहून चालणार नाही. म्हणून दिवसभर आकडे उलटेपालटे केले. दरवर्षी काही मुलं अभ्यासात नव्याने येतात. वय तेच, वर्ग तोच, फक्त आमचे प्रश्न पहिल्यांदाच ऐकतात. त्यांचा आकडा वेगळा काढून पाहिला. तो तसूभरही उतरलेला नाही! पहिल्या वर्षी होता तिथेच. म्हणजे मुलं बरी झालेली नाहीत. आम्हाला कंटाळली आहेत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

साजूकांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं. शांतपणे, मान तिरकी करून.

"अहो बाई, मुलं इतकी हुशार झाली, हासुद्धा विकासच नाही का?" — आणि हसले! स्वतःच्या विनोदावर!

मी हसले नाही, तेव्हा खुर्ची पुढे सरकवली. "पुढच्या फेरीत प्रश्नांचा क्रम बदलू. शेपट्या शेवटी टाकू. झालं?"

"पुढच्या फेरीपर्यंत समुपदेशक घरी बसलेले असतील."

"ते धोरण. आपलं काम विज्ञान."

त्या 'विज्ञान' शब्दाला तुपाचा वास येत होता. हात धुवावेसे वाटले. धुतलेही.

रविवार, ९ नोव्हेंबर

किळस. दुसरा शब्द नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

साजूकांचा निरोप — भाषण आधी दाखवा. कळवलं की मी लिहून बोलत नाही. इतकी वर्षं हेच ऐकवून माझं कौतुक करताय, आता भोगा!

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरीवर येईल गं." मग थोड्या वेळाने, कणीक मळता मळता, "बोल तू. नाही बोललीस तर घरात आमचं डोकं खाशील."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बोलले.

दिवाणखान्यासारखं सभागृह, गुबगुबीत खुर्च्या, पहिल्या रांगेत सचिव. घसरती रेघ पडद्यावर लावली. सगळे खूश. मग तिच्याच शेजारी नव्या मुलांची रेघ लावली — सपाट. शेपटीचं सगळं सांगितलं. म्हटलं, "या मुलांनी आपल्याला एकच गोष्ट प्रामाणिकपणे कळवली आहे — तुम्हाला खरं सांगून काही उपयोग नाही. उलट खेळाचा तास बुडतो." म्हटलं, "साहेब, या रेघेच्या जोरावर आज त्या कागदावर सही करू नका. एवढंच करा."

टाळ्या! कडाडून! मी ज्यांच्या थोबाडीत दिली तेच वाजवत होते! बाहेर चहाला एक प्राध्यापक जवळ आले. "काय वक्तृत्व आहे हो तुमचं! ते शेपटीचं तर फारच गोड." गोड! मी सांगितलं त्यातलं एक अक्षर आत गेलं नव्हतं. आवाज तेवढा आवडला होता.

सही मात्र झाली नाही. सचिव म्हणाले, "फेरतपासणी होऊ द्या." साजूक माझ्याकडे न बघता निघून गेले. जाऊ देत.

घरी भाचीने मोबाइलवर पाहिलं होतं. "मस्त बोललीस," म्हणाली आणि खोलीत गेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दिवसभर अभिनंदनाचे फोन. आणि डोक्यात दुसरंच काही. त्या बुधवारी जेवताना भाची म्हणाली होती — पहिल्या वर्षी हो म्हटलं होतं. मी शेपटीवर झडप घातली. त्या 'हो'कडे पाहिलंच नाही. ताईनेही नाही. आम्ही दोघी हसत होतो.

रविवार, १६ नोव्हेंबर

ती पलंगावर मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी दारातच उभी राहून विचारलं. आमचा तोच प्रश्न, कशातच जीव न लागण्याचा, कागदाशिवाय.

"हो," म्हणाली. मोजे लावतच राहिली.

मी तोंड उघडलं.

"मावशी, भाषण नको. इथे बस."