मापाचा ब्लाउज

आये, तू गेलीस तेव्हा मला धड वेणी घालता येत नव्हती, आणि आज मी तुझ्याहून वयानं मोठी आहे. आरशात बघितलं की वाटतं, तू अशी दिसली असतीस का, की आपल्या आजीसारखी वाळून गेली असतीस. शाळेत घातलंस म्हणून हे पुस्तकी भाषेत लिहितेय, नाहीतर तुझ्याशी मी आपल्या मालवणीतच भांडले असते. आणि आज भांडायचंच आहे. कुणाशी ते अजून ठरत नाही.

आधी सांगते, मी करते काय. मालवणात किनाऱ्याकडे जायच्या रस्त्याला माझं दुकान आहे, मागे घर आणि परस. जुने कपडे, जुन्या पर्सा, मण्यांच्या माळा, छत्र्या, गॉगल. हसू नको. पर्यटकांच्या पोरी येतात, 'काकी, व्हिंटेज काय आहे?' म्हणतात, आणि मी त्यांना कुणाच्या तरी आजीची जॉर्जेट काढून देते. नुसती विकत नाही, नेसवूनही देते. कुठल्या साडीवर कुठला ब्लाउज, पदर कुठे पिनेनं धरायचा, केसात गजरा की नुसतं एक सुरंगीचं फूल, हे सगळं मी बघते. लग्नाआधीचे फोटो काढायला किल्ल्याकडे जाणारी जोडपी आधी माझ्याकडे येतात. गावातल्या बायका अजून म्हणतात, 'मेलेल्यांची कापडां इकता ती.' म्हणोत बापड्या. त्यांच्याच सुना ट्रंका उघडून मला बोलावतात.

हे वेड तुझंच. आठवतं तुला, मोहरीच्या रंगाच्या साडीवर तू तो वांगी रंगाचा ब्लाउज घातला होतास? टू बाय टू कापडाचा, कोपरापर्यंत बाह्या, मागे खोल गोल गळा. बाकीच्या बायका साडीच्या रंगाचाच ब्लाउज हुडकत बाजार पालथा घालायच्या, आणि तू भलताच रंग उचललास. कुणकेश्वरच्या जत्रेत आपण चाललोय, वाळूत माझी चप्पल अडकतेय, आणि मागून काकी म्हणतेय, 'ह्यां काय गो ध्यान? वांग्याची भाजी वाटता.' तू मागे वळूनसुद्धा बघत नाहीस. 'माका बरां दिसता. तुमका नको तर बघू नकात.' असं म्हणून तू काचेच्या मण्यांच्या दुकानाशी थांबतेस आणि हिरवी माळ गळ्याला लावून मला विचारतेस, 'कशी दिसता गो?' मला विचारतेस! एवढ्याशा चेडवाला! मी मान हलवली म्हणून तू ती घेतलीस. आज मी पोरींना मोहरीवर वांगी घालते आणि त्या फोटो काढून काढून वेड्या होतात. काकी असती तर तिला आणून दाखवलं असतं.

आणि नाक. तेही तुझंच. आपल्या रांधपाच्या खोलीत तू प्रत्येक गोष्ट आधी हुंगायचीस. सुके बांगडे, सोलं, तांदूळ, शेजारणीनं दिलेलं खोबऱ्याचं तेल, एवढंच काय, दुकानातून आणलेलं कापडसुद्धा. एकदा मी गोलम्याची, म्हणजे सुक्या जवळ्याची, पिशवी न हुंगता कालवणात ओतली आणि सगळं कालवण फुकट गेलं. तू पाठीत धपाटा घातलास आणि म्हणालीस, 'आधी नाकान बघ गो, मगे डोळ्यान! डोळे फसतत. नाक फसणा नाय.' मी रडले, मग तू गुळाचा खडा दिलास, तोही हुंगून.

या नाकावर माझा धंदा चालतो. ट्रंक उघडली की मी डोळे मिटते. रेडीच्या घरातून आलेल्या साड्यांच्या काठात खाणीची लाल धूळ असते, तिला लोखंडाचा वास येतो. आंबोलीहून आलेल्या कपड्यांना धुराचा, कारण तिथे पावसात कपडे चुलीवर टांगल्याशिवाय वाळतच नाहीत. डांबराच्या गोळ्या, कापूर, बाळंतिणीचा शेक, म्हातारपणाचं औषधी तेल. बाई कशी होती ते मला साडीची घडी मोडायच्या आधी कळतं. पण गिऱ्हाइकाला हे नको असतं गो. त्यांना जुनी साडी हवी, जुनी बाई नको. म्हणून घरी आणलं की पहिलं काम म्हणजे रिठ्याचं पाणी. रात्रभर भिजवायचं, सकाळी साध्या पाण्यात आघळून मागच्या परसात वाळत घालायचं, दोन उन्हं दाखवायची. मग ते कुणाचंच राहत नाही. इतकी वर्षं मी हेच करत आले, दुसऱ्यांच्या आयांचे वास धुवून काढत आले, आणि मला त्यात कधी काही वाटलं नाही.

तुझं माझ्याकडे काहीच नव्हतं. सवाष्ण गेलीस म्हणून तुला नवी हिरवी साडी नेसवली, ती तुझ्याबरोबर गेली. उरलेले कपडे काकीनं बोचक्यात बांधले आणि बाबांनी होडीतून नेऊन खाडीत सोडले. आपली रीतच ती, कुणाला बोल लावू? मी बांधावर उभी होते. ते बोचकं लगेच बुडालं नाही, थोडा वेळ तरंगलं, आणि मोहरीच्या साडीचं एक टोक बाहेर दिसत होतं. मी म्हटलं, 'बाबा, ती भिजता,' आणि बाबांनी वल्हं खाली ठेवलं आणि होडीतच रडायला लागले. मण्यांची माळ कुणी घेतली देव जाणे. तुझा एक फोटो आहे, त्यात तुझं तोंड उन्हानं पांढरं पडलंय.

आता ऐक. तू गेलीस त्या वर्षी मे महिन्यात मावशीचं लग्न होतं आणि तुला हिरव्या साडीवर नवा ब्लाउज शिवायचा होता. आपण बाजारातल्या टेलरकडे गेलो. तू मापाला एक जुना ब्लाउज नेला होतास. तो त्यानं टेबलावर पसरला, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'वयनी, ह्यो नको. आंगात आसा तोच ठेवा, तो खांद्यात बरो बसता.' मग तू मशीनमागच्या पडद्याआड गेलीस, मला पडदा धरून उभी केलीस, वांगी ब्लाउज अंगातून काढलास आणि तो जुना चढवलास. तो टेलरच्या हातात देताना लाजलीस. म्हणालीस, 'घामाचो आसा हां, धुवूक नाय.' तो म्हणाला, 'आसांदे, माप घामान बदलणा नाय.' तू कावीळ होऊन पडलीस ती त्याच आठवड्यात. नवा ब्लाउज काकीनं जाऊन आणला, तो लग्नाला नाही, भलत्याच कामाला आला. मापाचा मात्र कुणाच्याच लक्षात राहिला नाही. आणि टेलर तरी कुठल्या तोंडानं आणून देणार होता? आपल्याकडे गेलेल्या बाईचं माप कुणी फेकत नाही आणि परतही देत नाही. पिशवीत बांधून माळ्यावर टाकतात.

तो टेलर गेला. त्याची सून तिथे आता मोबाइलचं दुकान काढणार आहे. गेल्या पंधरवड्यात तिनं मला बोलावलं, 'काकी, माळ्यावरचां सगळां न्या. माका जागा होयी.' मी शिडीवरून चढले. वर नुसता काळोख, पाली, आणि गाठी मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एकेक फोडायची, बघायची, पोत्यात टाकायची. फुग्याच्या बाह्या, होडीसारखे गळे, बटणाचे, लेसचे. मी मनात जोड्या लावत होते, कुठला कुठल्या साडीवर खुलेल. घरी आले आणि सगळं पोतं रिठ्याच्या पाण्यात ओतलं.

सकाळी परसात वाळत घालताना तो हाताला लागला. रंग विटून गेलाय, ओला होता म्हणून जरा गडद दिसला. चिमटा लावायला उलटा केला तर हुकं जाळ्याच्या दोऱ्यानं शिवलेली. निळा नायलॉनचा दोरा, आणि प्रत्येक हुकाला बाबा जाळ्याला मारायचे तीच गाठ. टेलरचा दोरा दोन धुण्यांत सुटतो म्हणून तू सगळ्या ब्लाउजची हुकं काढून पुन्हा लावायचीस, बाबांच्या जाळ्यातला दोरा चोरून. असं अख्ख्या किनाऱ्यावर दुसरं कोण करणार? मी तिथेच खाली बसले, आये. ब्लाउजमधून पाणी गळत होतं आणि मी ते ओंजळीत धरत होते, वेड्यासारखी. टबातलं पाणी आधीच माडाच्या आळ्यात ओतून मोकळी झाले होते. इतकी वर्षं गाठ मारून बंद पिशवीत राहिलेली तू, आणि मी, तुझ्या पोटच्या पोरीनं, तुला रिठ्यानं धुवून काढलं.

वाळल्यावर मी घालून बघितला. कसला होतोय! हुकं वीतभर लांब राहिली. शिवणीच्या आत माया आहे बोटभर, उसवली तर कदाचित होईल, असं वाटलं. कात्री घेतली, आणि आत बघितलं तर तिथला रंग अजून तस्सा, जत्रेतला. कात्री ठेवून दिली आणि ब्लाउज पुन्हा दोरीवर टाकला. एवढी बारीक होतीस तू? मला तर तू दारात उभी राहिलीस की दार भरल्यासारखी वाटायचीस.

काल पुण्याची एक पोरगी आली. मी आतून साडी काढेपर्यंत तिनं परसाच्या दोरीवरून तो काढून घातलासुद्धा. मी बाहेर आले तर ती आरशासमोर पाठमोरी उभी, आणि तो ब्लाउज खांद्यात अस्सा बसलेला. त्या खोल गळ्यातून दिसणारा मणका, कोपराशी थांबलेल्या बाह्या. मी पडदा धरून उभी आहे असंच वाटलं मला. ती वळली, तोंड दुसरं निघालं. बाही नाकाशी नेऊन म्हणाली, 'काकी, किती मस्त! जुना वास अजिबात नाही.' मी म्हटलं, 'काढ तो. विकायचा नाही.' जरा मोठ्यानंच म्हटलं असणार. बिचारीनं घाबरून घडी घालून दिला. मग मी तिला दुसरा दिला, फुकट, आणि वर चहा पाजला, तिचा काय दोष?

हा कागद मी त्या घडीतच ठेवीन. दुसरीकडे कुठे टाकणार? खाडीत सोडण्यासारखं आता माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि हा तर मी सोडणार नाही, रीत गेली चुलीत.

पण एक राहिलं. तेच सांगायला बसले होते आणि तेच टाळत इतकं पाल्हाळ लावलं. रिठ्याला दोष देतेय, पण रिठ्याचा दोष नाही गो. त्या दिवशी माळ्यावर ती पिशवी फोडली तेव्हा तू शिकवलंस तसंच केलं मी, डोळ्यांआधी नाक. ब्लाउज तोंडाशी धरून चांगला खोल हुंगला. धुवायच्या आधी. तू होतीस त्यात, असणारच. आणि मी तोंड वाकडं केलं, पोत्यात टाकला, आणि खाली उभ्या असलेल्या सुनेला वरूनच म्हटलं, 'कुबट वास मारता गो. ह्यो धुवूकच होयो.'